नागपुरातून भारत समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात माझी एक लहानशी अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा वेगवेगळ्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली इथे बसतात. बरीचशी बाहेरगावची आहेत, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळहून आलेली. दर वर्षी मुलं बदलतात, प्रश्न मात्र तेच येतात. सामान्य ज्ञान म्हणजे याद्या पाठ करणं, असं धरून आलेल्या मुलांना मी आधी याच शहराबद्दल विचारते. देशाचा भूगोल, कारभार आणि इतिहास समजून घ्यायला नागपूर फार चांगली जागा आहे, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देते आहे.

झीरो माइल हा भारताचा मध्यबिंदू आहे का?

हा प्रश्न दर बॅचला येतो आणि बहुतेकांनी शाळेत याचं उत्तर "हो" असं लिहिलेलं असतं.

विधानभवनाजवळचा तो वालुकाश्माचा खांब आणि शेजारचे चार घोडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. ही खूण ब्रिटिश काळातल्या जमीनमोजणीशी जोडलेली आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ठिकाणांमधली अंतरं मोजायला असे पक्के संदर्भबिंदू लागत. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर, म्हणजे जवळपास १,०२० फूट.

आता मध्यबिंदूचं. देशाचा मध्य कुठे येतो, ते देशाची सीमा कुठे धरता यावर ठरतं. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या नकाशात आजचा पाकिस्तान आणि बांगलादेश होते, १९३७ पर्यंत ब्रह्मदेशही होता. १९४७ नंतरचा नकाशा वेगळा. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मध्य प्रदेशात, कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाजवळ मानला जातो, म्हणजे नागपूरच्या बऱ्याच उत्तरेला. त्यामुळे "नागपूर देशाच्या मध्यभागी आहे" हे ढोबळमानाने बरोबर, पण "झीरो माइल हा आजच्या भारताचा अचूक मध्यबिंदू" हे चूक.

या मोजणीची गोष्ट मला फार जवळची वाटते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासला पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण आखत काम उत्तरेकडे सरकत गेलं. वीस वर्षं हा माणूस तेच करत होता. हैदराबादहून नागपूरला येताना वाटेत, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. कबर तिथेच आहे. पुढे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेलं आणि शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. हिंगणघाटच्या मुलांनासुद्धा लॅम्बटन माहीत नसतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

नागपुरात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर असतो का?

नसतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ते मिर्झापूरजवळून जातं. नागपूर साधारण ७९.१° पूर्वेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे आपण प्रमाणवेळेच्या जवळपास साडेतेरा मिनिटं मागे. वर्षभर हा आकडा थोडा मागेपुढे होतो, पण "प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ" यावरचं गणित आलं तर हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा.

आणखी एक गोष्ट करून बघा. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे (साधारण २१.१५° उत्तर), त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. पहिल्यांदा २६ मेच्या सुमाराला आणि परतताना जुलैच्या मध्यानंतर. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिन्यातच गच्चीवर एखादी बाटली उभी करून पाहावी. दिल्लीत हे कधीच दिसत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. ज्याने एकदा स्वतः पाहिलं, त्याला कर्कवृत्त म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही.

नाग नदीचं पाणी शेवटी जातं कुठे?

बंगालच्या उपसागरात. महाराष्ट्र पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य, म्हणून पुष्कळ जण अरबी समुद्र लिहून मोकळे होतात.

रस्ता असा आहे: नाग शहरातून पूर्वेकडे वाहत कन्हानला मिळते. कन्हान कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. वैनगंगा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली करत दक्षिणेला उतरते आणि वर्धा नदीला भेटते. दोघींचा मिळून जो प्रवाह होतो त्याचं नाव प्राणहिता. ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रात समुद्र गाठते. पंचशील चौकातल्या पुलाखालचं पाणी एवढा प्रवास करतं. त्या पाण्याची आज शहरात जी अवस्था आहे ती पाहून जीव तुटतो. शहराचं नाव ज्या नदीशी जोडलं जातं, तिच्याकडे आपण नाक दाबून बघतो.

याच विषयातला माझा आवडता प्रश्न मुलताईचा. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने गेलात तर बैतूल जिल्ह्यातलं हे स्टेशन लागतं. तापी मुलताईला उगम पावते आणि पश्चिमेला सुरतेकडे जाते. वर्धा नदीसुद्धा मुलताईच्याच परिसरात उगम पावते, पण ती दक्षिणेला वळून अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. सातपुड्याच्या एकाच भागात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. जलविभाजक या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा नकाशा काढून या दोन नद्या निळ्या पेन्सिलने रंगवा.

नागपूर दख्खनच्या पठारावर आहे का?

काठावर आहे, असं म्हणणं जास्त बरोबर. लाव्हाचे थर साचून झालेला काळा बेसाल्ट खडक पश्चिमेकडून येत येत नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. पण कामठीकडे गेलात की वालुकाश्म आणि त्याच गोंडवन खडकांत दगडी कोळसा सापडतो, रामटेकच्या वाटेवर मनसरला मॅंगनीज. वेस्टर्न कोलफील्ड्स (कोळसा) आणि मॉइल (मॅंगनीज) या दोन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात का, याचं उत्तर या जमिनीत आहे.

पिकंही तशीच बदलतात. काटोल, नरखेडकडे काळी माती, कापूस आणि संत्री. भंडारा, गोंदियाकडे पाऊस जास्त, धानाची बांधी आणि जुने मालगुजारी तलाव. बसने अमरावती ते गोंदिया एकदा दिवसा प्रवास करा, खिडकीतून सगळं दिसतं.

"गोंडवन" हा शब्दही इथला. गोंडांच्या या प्रदेशावरून खडकांच्या मालिकेला नाव पडलं आणि त्यावरून शास्त्रज्ञांनी एका प्राचीन महाखंडाला गोंडवाना म्हटलं. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या आदिवासी शेजाऱ्यांचं नाव आहे.

मॅडम, नागपूर कोणी वसवलं? भोसल्यांनी ना?

नाही. भोसल्यांनी वाढवलं. शहर वसवण्याचं श्रेय देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याला जातं, १७०२ च्या सुमारास, तेव्हाच्या लहान लहान खेड्यांना एकत्र करून. त्याच्यानंतर चांद सुलतानाने राजधानी इथे आणली. वारसांच्या भांडणात रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं गेलं आणि पुढे सत्ता भोसल्यांकडे आली. परीक्षेत हा प्रश्न एका मार्काचा असतो, पण गोंड राजांचं नाव गळून पडू नये असं मला मनापासून वाटतं.

नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हे खरं का?

खरं. नुसतं "हो" लिहून पुढे जाऊ नका, सगळी साखळी बघा.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी वारस न ठेवता गेले आणि डलहौसीने खालसा धोरण लावून १८५४ मध्ये नागपूरचं राज्य घेतलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. वऱ्हाड तेव्हा वेगळा होता. तो निजामाचा मुलूख, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. १९०३ मध्ये तो कारभारापुरता मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणून जुन्या कागदांवर "मध्यप्रांत व वऱ्हाड" असं दिसतं. १९५० मध्ये याच राज्याचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी अर्थातच नागपूर.

मग १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे तेव्हाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे नागपूरकर पिढीने दहा वर्षांत घर न बदलता तीन राज्यं पाहिली. राज्य पुनर्रचना आयोगाने, ज्याला आपण फाजल अली आयोग म्हणतो, १९५५ च्या अहवालात विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. ती शिफारस मानली गेली नाही. वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर मत काहीही असू द्या, हा मुद्दा माहीत हवा.

हिवाळी अधिवेशन नागपूरलाच घ्यावं असं घटनेत लिहिलंय का?

नाही. हा फरक नीट समजून घ्या, कारण मुलाखतीतही विचारतात.

घटना एवढंच सांगते की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको (अनुच्छेद १७४). अधिवेशन कुठे, हे ती सांगत नाही. नागपूरचा आधार आहे २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. संयुक्त महाराष्ट्रात येताना विदर्भाच्या नेत्यांची साहजिक काळजी होती की राजधानी मुंबईला गेली तर आपल्याला विचारणार कोण. म्हणून करारात ठरलं की सरकार दर वर्षी काही काळ नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल. १९६० पासून, काही वर्षं सोडली तर, ते पाळलं जातं.

आता बारीक गोष्ट: करारात "एक अधिवेशन" आहे, ते हिवाळीच असावं असं नाही. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपूरला झालं होतं. कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हिवाळी अधिवेशन मुंबईतच घेतलं गेलं.

घटनेत विदर्भाचा उल्लेख येतो तो वेगळ्या ठिकाणी, अनुच्छेद ३७१(२) मध्ये. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद तिथे आहे. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. एका तयार प्रश्नसंचात मी "नागपूर अधिवेशन: अनुच्छेद ३७१" असं छापलेलं पाहिलं आणि आमच्या चार मुलींनी ते तसंच पाठ केलं होतं. दुरुस्त करायला आठवडा गेला.

डिसेंबरात मोर्चे बर्डीपर्यंत येतात, रस्ते बंद होतात, आपली चिडचिड होते. पण गडचिरोलीच्या अंगणवाडी ताईला मुंबईला जाऊन मागणं मांडणं परवडत नाही, नागपूरला येणं परवडतं. कराराचा अर्थ मला त्या मोर्च्यांत दिसतो.

विदर्भ आणि वऱ्हाड एकच का?

नाही. विदर्भात दोन विभाग, अकरा जिल्हे. अमरावती विभाग (अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम) म्हणजे साधारण जुना वऱ्हाड. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. यातल्या पूर्वेच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. तिथली बोली वेगळी, नाटकं वेगळी. दिवाळीनंतर धान निघालं की रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं केंद्र. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

नागपुरात हायकोर्ट आहे का?

मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. पण १९३६ ते १९५६ नागपूरचं स्वतःचं उच्च न्यायालय होतं. त्याचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले आणि १९६९ मध्ये काही काळ त्यांनी राष्ट्रपतिपदाचा कार्यभारही सांभाळला. अलीकडच्या सरन्यायाधीशांपैकी शरद बोबडे नागपूरचे, भूषण गवई अमरावतीचे.

हिंदी आपली राष्ट्रभाषा आहे ना?

घटनेत "राष्ट्रभाषा" म्हणून कोणत्याही भाषेचं नाव नाही. अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, म्हणजे केंद्राच्या कारभाराची. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यातलीच. नागपूरकर घरात मराठी, बाजारात हिंदी सहज बोलतो, आणि पहिलं विश्व हिंदी संमेलनही जानेवारी १९७५ मध्ये नागपुरातच भरलं होतं. पण प्रेम वेगळं आणि घटनेतला शब्द वेगळा.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही. मराठीच्या जुन्या गद्याचा विषय निघाला की अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर विसरू नका. महानुभावांचं हे गाव, आणि मराठी भाषा विद्यापीठही तिथेच.

१९२० च्या नागपूर काँग्रेसला एवढं महत्त्व का?

असहकाराचा ठराव पहिल्यांदा सप्टेंबर १९२० च्या कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात झाला, डिसेंबरात नागपूरने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ही जोडी लक्षात ठेवा, पर्याय तिथेच फसवतात. अध्यक्ष होते सी. विजयराघवाचारी. पण माझ्या मते नागपूरचं खरं काम दुसरं: काँग्रेसची घटना बदलली, चार आण्यांत सामान्य माणूस सदस्य होऊ लागला आणि प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे करायचं ठरलं. १९५६ च्या भाषावार राज्यांची एक मुळी इथे सापडते. असहकाराला विरोध करणारे जिना याच अधिवेशनानंतर काँग्रेसबाहेर पडले.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, झेंडा सत्याग्रह. सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगा घेऊन जायला बंदी होती. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वात देशभरातून लोक आले आणि झेंडा घेऊन अटक होत राहिले. आज त्याच भागातून आपण रोज सिटी बसने जातो.

धम्मचक्र प्रवर्तन दिन दसऱ्याला की १४ ऑक्टोबरला?

दोन्ही बरोबर. १९५६ मध्ये विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दिली. दोन दिवसांनी चंद्रपूरलाही दीक्षा सोहळा झाला. अशोक विजयादशमीची तिथी धरून दरवर्षी मोठा मेळा भरतो, तारीख धरून १४ ऑक्टोबरलाही लोक येतात.

नागपूरच का, याचं उत्तर बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात स्वतः दिलं. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक होते, त्यांची ही भूमी. दीक्षाभूमीच्या स्तूपाची रचना सांचीवरून घेतलेली आहे. त्या दिवसांत शहरात या आणि पुस्तकांचे स्टॉल बघा. डोक्यावर गाठोडं आणि हातात पुस्तकांची पिशवी घेऊन परत जाणाऱ्या म्हाताऱ्या बाया मी लहानपणापासून पाहते आहे.

मारबत म्हणजे नक्की काय?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, निघणारी मिरवणूक. काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले पुतळे, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. काळीला काही जण पूतना मानतात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे जे नको ते तिच्यासोबत शहराबाहेर पाठवायचं. १८८० च्या दशकापासूनची ही परंपरा. बडग्यांवर दर वर्षी त्या त्या वेळचा राग लिहिलेला असतो. तान्हा पोळा लहान मुलांचा, लाकडी बैल सजवून दारोदार नेण्याचा. इतवारीत लाकडी बैलांची दुकानं लागली की सण जवळ आला समजायचं.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी वाघ ना? आपल्याकडे एवढे वाघ आहेत.

राज्यप्राणी शेकरू. वाघ राष्ट्रीय प्राणी. राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल तामण, राज्यवृक्ष आंबा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं.

पुण्याहून आलेली मैत्रीण "सांबार वडी" ऐकून गोंधळली. काय सांगू?

विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतच्या सांबाराशी त्याचा संबंध नाही.

सीताबर्डीच्या किल्ल्यात आत जाता येतं का?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशी लोकांसाठी उघडतात. जाण्याआधी त्या वर्षीची वेळ पेपरात बघा आणि सकाळी लवकर जा. वर गेल्यावर आधी दोन टेकड्या ओळखा, मोठी आणि लहान. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने लहान टेकडी जिंकली होती आणि मोठीवर इंग्रज टिकून राहिले. दोघींमधलं अंतर स्वतः डोळ्यांनी पाहा. मग खाली उतरून टेकडीच्या गणपतीचं दर्शन घ्या.